माळ्यावरची गौरव्वा

निपाणी,
१६ जानेवारी २०२५

चि. शरद,

आशीर्वाद. तू, निवेदिता आणि ऋग्वेद तिघंही धडधाकट असाल असं धरून चालते. माझा हात प्लास्टरमधून सुटला, पण बोटं अजून आखडलेली आहेत. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. इथे थंडी बरी आहे. गॅलरीतला कढीपत्ता शेजारच्यांच्या शेळीने खाल्ला, आणि शेजारी म्हणतात की शेळी त्यांची नाहीच.

पत्र कशाला, फोन करायचा, असं म्हणशील. बेळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी सगळी नोकरी लोकांची बोलणी जोडून देण्यात घालवली. त्यामुळे फोनचं मला कौतुक नाही. शिवाय तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद मध्ये बोलत नाही.

तुझा मेसेज वाचला. ‘आप्पा सीमाप्रश्नासाठी तुरुंगात गेले आणि त्यांच्या बायकोला तू कर्नाटक सरकारच्या आश्रमात टाकलीस.’ यातला ‘टाकलीस’ हा शब्द जपून वापर. दिवाळीत मी न्हाणीघरात पडले आणि मनगट मोडलं. एका हाताने नव्वदीची बाई पलंगावरून उचलून खुर्चीत बसवून दाखव, मग आपण बोलू. घरी मदतीला बायका ठेवून पाहिल्या. एक मोबाइल बघायची, दुसरी आईच्या वाटणीचं दूध प्यायची. त्या दिवसांत पुण्याहून तुझ्या सूचना आल्या आणि सरकारने जागा दिली. दोन्हींतलं काय उपयोगी पडलं ते तूच ठरव.

तरी तुझं निम्मं म्हणणं मला पटतं. बोरगाव रस्त्यावरच्या या निवासाची पाटी फक्त कानडीत आहे. चहा असा की कपाचा तळ दिसतो. भिंतीवर पुढाऱ्यांचे इतके फोटो आहेत की कॅलेंडरला खिळा मिळत नाही. पण चादरी स्वच्छ असतात. आठवड्याला डॉक्टर येतो आणि नुसता सही करून जात नाही, तपासतो. जे म्हातारे आपापल्या घरी एकटे आहेत त्यांना दुपारचा डबा पोचवायला गाडी जाते. तीच गाडी सकाळी मला आपल्या कोपऱ्यावरून घेते आणि संध्याकाळी सोडते. मी सरकारी नोकर होते. सरकारकडून मी आयुष्यात कसली अपेक्षा केली नाही, त्यामुळे हे लिहायला मला जड जातं आहे.

आई आहे तशीच आहे. गेली दोन वर्षं एक शब्द बोलली नाही, तशी इथेही गप्प. भरवलं की दोन घास घेते आणि ओठ मिटते. डॉक्टर म्हणाले होते की ही विस्मरणाच्या आजाराची पुढची पायरी, आणि आपण मान डोलावली होती.

आता आजचं. तिथे बायकांच्या दोन खोल्या आहेत, मध्ये बोळ. एकीत मराठी बोलणाऱ्या, दुसरीत कानडी. नियम कुणी केला नाही, गप्पांना सोबत लागते म्हणून तसं होत गेलं. आईला अर्थातच मराठी खोलीत ठेवलं होतं. आज सकाळी जाऊन बघते तर तिची कॉट रिकामी, आणि ती पलीकडच्या खोलीत, रायबागच्या आणि चिकोडीच्या बायकांमध्ये. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिथे मंगल म्हणून काळजी घेणारी बाई आहे, अकोळची. फटकळपणात मला हार जाणार नाही.

“कुणाला विचारून हलवलंत?” मी म्हटलं.

“टाकीला इचारून,” ती म्हणाली. “गच्चीवरची टाकी फुटली, भितीतनं पानी आलं. आजीला भिजत ठिवायची व्हती व्हय?”

“मग त्याच खोलीत का? तिथे सगळ्या कानडी आहेत.”

“मोकळी कॉट तितंच हाय. आनि बाई, आजी बोलतिया कुटं? तिला मराटी काय नि कानडी काय.”

यावर मी इंग्रजीतून भांडले. राग आला की मला इंग्रजी सुचतं, ही कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची देणगी. मंगलने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “चा घेनार?”

शरद, तुझं बरोबर आहे. आपल्या आईने उरलेले दिवस परक्या बोलीत का काढावेत? दोन फेब्रुवारीला, रविवारी, गाडी घेऊन ये. पुण्यातल्या वृद्धाश्रमात तू पाहिलेली ती खोली पक्की कर. मी तिची बॅग भरून ठेवते.

तुझी,
आक्का


निपाणी,
२४ जानेवारी २०२५

चि. शरद,

आशीर्वाद. मागचं पत्र मिळालं असेल. त्याच्या शेवटी मी जे लिहिलं ते रद्द समज. का, ते सांगते, पण पत्र पुरं वाचून होईपर्यंत मला फोन करू नकोस.

मी ते पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, आईला मराठी खोलीत परत आणायचंच असं ठरवून गेले. वाटेत गाडीत मंगलला सुनवायची वाक्यं जुळवत होते. बोळात शिरले आणि आवाज ऐकू आला. कुणी बाई कानडीत काहीतरी सांगत होती, भराभर, मध्येच हसत, वाक्याच्या शेवटी सूर वर नेत. मला माणसाचा चेहरा राहत नाही, पण आवाज राहतो. बेळगावातल्या निम्म्या वकिलांना मी ‘हॅलो’वरून ओळखायची. हा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. वाटलं, नवी कुणी आलेली दिसते, आणि बरीच तरुण आहे, हिचं इथे काय काम?

आत डोकावले तर ती आई होती.

बसव्वा म्हणून रायबागकडची एक जण शेजारच्या कॉटवर आहे. तिच्याकडे तोंड करून आई बसली होती आणि एका म्हशीची गोष्ट सांगत होती. नदीच्या पुरात म्हैस वाहून गेली आणि तिसऱ्या गावात जाऊन व्याली. परत आणली तेव्हा सोबत रेडकू. (हे नंतर बसव्वाने मला मराठीत सांगितलं.) सांगताना तिच्या हातात भाकरीचा तुकडा होता. ती तो हातवारे करताना हलवत होती आणि मधेच, कुणी न सांगता, खात होती. स्वतःच्या हाताने. मी दारात उभी राहिले. मंगल मागून आली आणि हळूच म्हणाली, “काल रातीपासनं सुरू हाय. बसव्वानं ‘ऊट आत?’ म्हून इचारलं, जेवलीस का म्हनून, तर आजी म्हनली, ‘हूं, आत.’ मी तर ताट टाकून पळाले.”

आई हुक्केरीकडची, हे आपल्याला काय ठाऊक नव्हतं? मामा आला की दोघं ओसरीवर बसून कानडी बोलायची, तेही ठाऊक होतं. आपल्यात अशी लग्नं व्हायचीच, घटप्रभेच्या काठची मुलगी आणि निपाणीचा मुलगा. मामा गेला आणि ओसरीवरचं बोलणं संपलं. आप्पांनी कधी मना केलं नाही. आपल्या घरात कानडी हा वर्तमानपत्रात वाचायचा विषय होता, एवढंच. मी काही छाती बडवून घेणार नाही आणि तूही घेऊ नकोस. त्याने काही होत नाही.

पण गेला आठवडा मी तिच्यासमोर बसून एकच विचार करते आहे. सतरा वर्षांची मुलगी बोली न कळणाऱ्या घरात आली. ती बोली ती कुणाकडून शिकली, कशी शिकली, पहिलं वर्ष कसं काढलं, कुणी पाहिलं नाही. आणि शिकली ती अशी, की मला ‘ळ’ आणि ‘ल’मधला फरक तिने शिकवला, तुझ्या निबंधातल्या चुका तिने काढल्या, आजीच्या तोंडच्या म्हातारपणच्या शिव्यासुद्धा तिने आपल्याला समजावून सांगितल्या. जिच्याकडून आपण मातृभाषा शिकलो तिची ती मातृभाषा नव्हतीच, शरद. मी कॉन्व्हेंटात सकाळी शिरायची आणि दुपारी सुटायची. तेवढ्या वेळात मराठी शब्द तोंडातून गेला की सिस्टर बाकावर उभं करायच्या, आणि घरी येऊन त्या जुलमाचं मी केवढं वर्णन करायची. आई पोळ्या लाटता लाटता ऐकून घ्यायची. ती कधी घरी सुटलीच नाही.

आता मंगळवारचं सांगते. हे मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

दुपारची जेवणं झाली होती. खोलीच्या वरच्या झरोक्यातून चिमण्या आत येतात आणि जमिनीवर सांडलेली शितं टिपतात. आई उशीला टेकून होती. तिने चिमण्या पाहिल्या आणि ती उठून सरळ बसली. पाठीला किती बाक आला आहे तुला माहीत आहे. तो बाक गेला. उजवा हात डोक्याच्या वर नेऊन ती तो गोल फिरवायला लागली, आधी सावकाश, मग जोरात. मला वाटलं, झटका आला. मी उठले. बसव्वाने मला हाताने थांबवलं आणि मराठीत म्हणाली, “गोफण हाय ती. गप बसा.”

आणि मग आईने हाळी दिली.

‘हाऽऽऽ होऽऽऽ’ अशी काहीतरी, पण लिहून ती कळणार नाही. ती हाळी पोटातून आली, खोलीत मावेना, खिडकीच्या तावदानांना कंप सुटला. चिमण्या उडाल्या. शरद, या बाईने आपल्याला कधी मोठ्याने हाक मारली नाही. गल्लीत खेळत असलो तरी कोपऱ्यापर्यंत चालत यायची आणि हळू बोलवायची. आपण समजत होतो की तिचा आवाजच बारीक.

मग बसव्वाने उत्तर दिलं, तिच्या रायबागच्या शेतातून. मग खिडकीजवळच्या कॉटवरून तिसरी. आणि मग बोळाच्या पलीकडून, मराठी खोलीतून, मालुबाईची हाळी आली. ही मालुबाई कुशीवर वळायलाही मंगलला बोलावते. तिच्यामागून गुणाबाईची. हाळी कानडी नव्हती आणि मराठी नव्हती. या सगळ्याजणी कधीकाळी ज्वारीच्या शेतात माळ्यावर, म्हणजे मचाणावर, उभ्या राहून पाखरं राखणाऱ्या मुली होत्या. एका माळ्यावरून हाळी गेली की पुढच्या माळ्यावरून उत्तर येतं, म्हणजे कळतं की तीही जागी आहे. कॉटवर बसून, झोपून, त्या एकमेकींना सांगत होत्या की मी जागी आहे. मध्ये दोन्ही खोल्यांच्या भिंती होत्या, पण त्या बायकांना त्या दिसत नव्हत्या, आणि खरं सांगते, काही वेळ मलाही दिसल्या नाहीत. मला ज्वारी दिसत होती.

पुरुषांच्या बाजूने यल्लाप्पा ओरडला, “काय झालं गं बायानू? वाघ आला व्हय?”

“तुमीच एक वाघ, झोपा,” मंगलने दारातून सांगितलं. तिच्या हातात फडकं होतं आणि डोळ्यांना पाणी होतं. तिने डोळे फडक्याने पुसले नाहीत, बाहीने पुसले. तिला अजून शुद्ध होती, माझी गेली होती.

सगळं शांत झालं तशी आई कानामागे हात धरून ऐकत बसली. बराच वेळ. मग चेहरा पाडून बसव्वाला काही म्हणाली. माझं कानडी तुला माहीत आहे, ‘लाइन बिझी इदे’च्या पुढे फारसं जात नाही. बसव्वाने सांगितलं की निंगीचं उत्तर आलं नाही म्हणते. निंगी म्हणजे हिच्या पलीकडच्या शेतातली मैत्रीण असणार. आई दाराकडे पाहत होती. तिची मैत्रीण माळ्यावर झोपली असेल किंवा पडली असेल, अशा काळजीने.

मी बोळात गेले. कॉन्व्हेंटात मला शिकवलं होतं की सभ्य मुलीचा आवाज पुढच्या बाकापलीकडे जाता कामा नये, आणि एक्स्चेंजमध्ये तर कुजबुजण्याचाच पगार मिळायचा. मी भिंतीला हात टेकला आणि हाळी दिली. फाटकी निघाली. दुसरी जरा बरी निघाली. आतून आईचं उत्तर आलं, लांबलचक, आणि शेवटी हसू. मी परत आत गेले तेव्हा ती आडवी होऊन डोळे मिटत होती. पाखरांकडे बघायला आता निंगी होती.

एवढं मोठं काही मी आयुष्यात ऐकलेलं नाही. त्यासाठी तिला चार तिच्यासारख्या लागल्या, शेजारी शेजारी कॉटा लागल्या आणि एक फुटकी टाकी. पुण्याच्या त्या वातानुकूलित खोलीत हे कुठून आणशील?

आता जे टाळत आले ते लिहिते.

आई बोलायला लागली हे मी तुला रविवारी फोनवर सांगितलं तेव्हा तू रडलास. मग विचारलंस, “माझं नाव काढते का गं?” मी म्हटलं, “रोज विचारते.” ते खोटं होतं. ती तुझं नाव काढत नाही. माझंही नाही. आप्पांचंही नाही. ती जिथे आहे तिथे ती माहेरची गौरव्वा आहे, आणि आपण अजून झालेलो नाही. लग्न झालेलं नाही. ज्वारी दाण्यात आली आहे आणि पाखरं उतरताहेत, एवढंच आहे. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, “यारवा नी?” कोण गं बाई तू? मी उत्तर दिलं नाही, कारण मला आलं असतं ते उत्तर तिच्या उपयोगाचं नव्हतं. हे तुला फोनवर सांगायची माझी हिंमत झाली नाही. लिहिताना तुझा श्वास ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे.

बुधवारपासून ती मला अक्का म्हणते. तिची थोरली बहीण, लग्न होऊन दूर गेलेली, आपण पाहिलेलीही नाही. मी सकाळी गाडीतून उतरून आत गेले की विचारते, “अक्का, बंद्या?” आलीस? मी म्हणते, आले. मग ती माझा हात धरून बसते आणि मला सगळ्या गावाच्या चहाड्या सांगते. बसव्वा अर्थ सांगते, काही मला आता आपोआप कळतात. आईच्या तोंडून कुणाची चहाडी ऐकली होतीस कधी? फार चांगल्या करते. यात माझाही स्वार्थ आहे, लपवत नाही. सत्तरी उलटल्यावर मला धाकटी बहीण मिळाली आहे आणि मी ती सोडायला तयार नाही.

काल मात्र मी एक प्रयत्न केला. तुला शब्द दिला होता, म्हणून. बसव्वाकडून शब्द घेऊन तिला मोडक्या कानडीत म्हटलं, रविवारी गाडी येईल, पुण्याला जायचं का, मोठं घर आहे, चांगली माणसं आहेत. ती ऐकत होती. चेहरा हळूहळू बदलत गेला. मग तिने माझा पदर मुठीत धरला आणि अगदी हळू, आपल्या ओळखीच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, “अक्का, नन्न कळसब्याड.” मला पाठवू नको. मग आणखी काही बोलली, ते बसव्वाने सांगितलं. तिला वाटलं, स्थळ आलं आहे आणि मुलाकडची माणसं न्यायला येताहेत. म्हणत होती, तिथे माझी बोली कुणाला येत नाही, मी कुणाशी बोलू? बापाला सांग, तो तुझं ऐकतो.

हे तिने त्या वेळी कुणाला सांगितलं असेल का, मला माहीत नाही. तिच्या खऱ्या अक्काने काय उत्तर दिलं असेल तेही माहीत नाही. काल विचारलं होतं मला. मी म्हटलं, “कळसूदिल्ल.” नाही पाठवणार. तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, खात्री करून घेतली, पदर सोडला आणि बसव्वाला सांगितलं की अक्का नाही म्हणाली. बसव्वाने समोरचीला सांगितलं. संध्याकाळपर्यंत मराठी खोलीतही कळलं होतं. मालुबाईने मला जाताना बोलावून घेतलं आणि म्हणाली, “लई बेस केलंस.”

तर शब्द दिला गेला आहे. तुला आधी दिलेला मोडते, कारण हा त्याच्याहून जुना आहे.

लोक काय म्हणतील ते माझ्यावर सोड, त्यांना उत्तरं द्यायला मला आवडतं. आप्पा काय म्हणाले असते, याचा मी विचार केला. मला वाटतं ते काही बोलले नसते, बोळात उभे राहून ऐकलं असतं. सरकारला मी वेगळं पत्र लिहिलं आहे, पाटी दोन्ही भाषांत करा आणि चहात पावडर घाला म्हणून. ते चालूच राहील.

तू ठरल्याप्रमाणे दोन तारखेच्या रविवारी ये. गाडी आण, आणि ती रिकामी परत ने. आल्यावर ‘आई, मी शरद’ असं म्हणू नकोस. बस, आणि ती तुला कोण समजते ते ऐक. भाऊ म्हणेल, शेजारचा कुणी म्हणेल, कदाचित नुसतं, हा कोण म्हातारा, म्हणेल. जे म्हणेल त्याला हो म्हण. अवघड आहे, मला ठाऊक आहे. पहिला दिवस मी बाहेर येऊन, खाली उतरवून ठेवलेल्या त्या फुटक्या टाकीच्या आडोशाला बसले होते, तूही बस, मंगल चहा आणून देईल. पण मग आत जा. दुपारी जेवणानंतर त्या चिमण्या येतात.

तुझी आणि गौरव्वाची,
आक्का